ही पाटी कुणी विणली?

दोस्तांनो, मुरूडच्या नाहीतर श्रीवर्धनच्या बाजारात सकाळी सकाळी गेलात की कोळीणबाईंच्या पुढ्यात काय काय दिसतं, आठवा बरं! बोंबील, मांदेली, कोलंबी, बांगडे… मासळीची नावं तर तुम्ही घडाघडा सांगाल. तुमच्यातले काहीजण भावसुद्धा सांगतील. पण ही मासळी ज्या पाटीत ठेवलेली असते, ती पाटी कुणी विणली? सांगा पाहू!

हल्ली प्लॅस्टिकचे टब आलेत, हे खरं. तरीही बांबूची पाटी काही कोकणातून अजून गेलेली नाही. आजीच्या घरात बघा. तांदूळ धुवायची रोवळी, धान्य पाखडायचं सूप, कोंबड्या झाकायचं डालगं, भात साठवायची कणगी. पावसात शेतावर जाताना आजोबा डोक्यावर घेत ते इरलं. सगळं बांबूचं, सगळं हातानं विणलेलं. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, चित्राखाली चित्रकाराची सही असते. टोपलीवर मात्र कुणाचंच नाव नसतं. ती घरात येते, झिजते आणि एक दिवस चुलीत जाते.

आज तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. तिची आई अशा टोपल्या विणायची आणि ही मुलगी त्या घरोघर पोचवायची. मोठी झाल्यावर तिनं एक पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आईच्या टोपल्यांवर कधीच नाव नव्हतं. लेकीनं आपल्या पुस्तकालाच त्यांचं नाव देऊन टाकलं! या लेखिका म्हणजे उर्मिला पवार.

खाडीपलीकडची मुलगी

आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचं दक्षिण टोक कुठलं? हरिहरेश्वर! तिथं सावित्री नदी समुद्राला मिळते. बागमांडल्याहून फेरीबोटीत बसलं की खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं. उतरलात की तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. तसंच खाली खाली गेलं की रत्नागिरी शहर येतं. त्याच तालुक्यात फणसवळे नावाचं गाव आहे. उर्मिलाताई त्या गावच्या. जन्म १९४५ सालचा.

तीच लाल माती, तेच आंबे-फणस, तोच धो धो पाऊस. आपल्याकडच्या आणि तिथल्या बोलीत थोडा फरक असेल, पण सुकटीची चव एकच. मग वेगळं काय होतं? उर्मिलाताईंचं घर महार समाजातलं. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. म्हणजे काय, तर बाकीचे लोक त्यांना शिवत नसत, घरात घेत नसत, आपल्या विहिरीचं पाणी भरू देत नसत. देशावर बांबूच्या टोपल्या विणण्याचं काम बुरुड समाज करतो. रत्नागिरीकडे मात्र ते महार कुटुंबं करत.

उर्मिलाताईंचे वडील शिक्षक होते. मुलांनी शिकलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पण उर्मिलाताई तिसरीत असतानाच ते वारले. घरात लहान मुलं आणि मिळकत काही नाही. मग आईनं टोपल्या विणायला घेतल्या. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. बांबू चिरायचा, त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या, त्या तासून गुळगुळीत करायच्या आणि आडवी-उभी वीण घालत बसायचं. एखाद्या दिवशी बांबू चिरताना बघा, म्हणजे कळेल. पट्टीची कड सुरीसारखी बोटात घुसते. त्या टोपल्यांच्या पैशांवर घर चाललं आणि मुलांची शाळाही.

पायरीवर उभी राहिलेली मुलगी

तयार टोपल्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं काम या मुलीकडे. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! आम्हीही दूध आणायला, दळण टाकायला जातोच की. पण पुढे ऐका.

टोपली घेऊन गेलं की तिला दारात, पायरीपाशीच उभं राहावं लागे. टोपली खाली ठेवायची. घरातलं माणूस यायचं आणि त्या नव्याकोऱ्या टोपलीवर आधी पाणी शिंपडायचं. मग ती आत न्यायची. पैसे द्यायची वेळ आली की ते वरूनच तिच्या हातावर टाकायचे. हाताला हात लागायला नको ना!

जरा विचार करा. आईनं दिवसभर बसून जी टोपली विणली, ती आता त्यांच्या धान्याला चालणार होती. त्यात तांदूळ धुतले जाणार, त्याचा भात सगळे जेवणार. आणि विणणारीच्या लेकीचा हात मात्र चालत नव्हता! टोपलीनं उंबरठा ओलांडला. मुलगी बाहेरच राहिली.

आता एक तारीख लक्षात ठेवा. २६ जानेवारी १९५०. या दिवशी आपलं संविधान लागू झालं. त्याच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. तेव्हा उर्मिलाताई पाच वर्षांच्याही नव्हत्या. म्हणजे पायरीवर उभं राहण्याची ही गोष्ट कायदा आल्यानंतरची आहे. कायदा दिल्लीत एका दिवसात लागू झाला, पण त्या पायरीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. म्हणूनच अशी पुस्तकं लागतात. कायद्याच्या पुस्तकात 'अस्पृश्यता' हा एक शब्द असतो. पायरीवर उभं राहिल्यावर पोटात काय होतं, ते आठवणींच्या पुस्तकात कळतं.

आईनं गुरुजींना अडवलं

'आयदान'मधला एक प्रसंग तर प्रत्येक मुलानं ऐकावा असा आहे.

शाळेत शेण पडलं होतं. गुरुजींनी ते उचलायचं काम या मुलीला सांगितलं. वर्गात एवढी मुलं, पण नेमकं हिलाच! ती नाही म्हणाली. गुरुजींनी तिच्या थोबाडीत मारली. रडत रडत ती घरी आली.

आई नेहमीप्रमाणे बाहेर टोपल्या विणत बसली होती. तिनं ऐकून घेतलं. गुरुजी त्या वाटेनं जायला निघाले तेव्हा तिनं त्यांना अडवलं आणि विचारलं, पोरीला का मारलंत? तुमच्या गाईनं शेण टाकलं, असं गुरुजी सांगू लागले. ती गाय आमचीच कशावरून, असं आईनं उलट विचारलं. मी एकटी बाई इथं बसून राबते ती कशासाठी? पोरांनी शिकावं म्हणून. पुन्हा तिच्या अंगाला हात लावलात तर बघा!

मुलांनो, ही आई काही शिकलेली नव्हती. तिच्यापाठी कुणी पुढारी नव्हता. गुरुजींपुढे बोलायची कुणाची छाती होत नसे, असा तो काळ. ती बोलली. त्या दिवसापासून मुलीची भीती कमी झाली. पुढे पुस्तक लिहिताना उर्मिलाताईंनी सांगितलं, की आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं आतून जुळलेलं आहे. हा प्रसंग वाचला की ते चांगलंच पटतं.

आधी गोष्टी, मग आठवणी

उर्मिलाताई शिकल्या. सरकारी नोकरी केली. लग्न झालं, मुलं झाली, मुंबईला बिऱ्हाड झालं. नोकरी आणि घर सांभाळून त्यांनी मराठी साहित्य घेऊन एम. ए. केलं. पुढे शिकायला घरातूनच कुरकुर व्हायची, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

आणि त्या लिहू लागल्या. पण एकदम 'आयदान' नाही बरं का! आधी त्यांनी कथा लिहिल्या. 'सहावं बोट' हा कथासंग्रह १९८८ सालचा, 'चौथी भिंत' त्यानंतरचा. आठवणींचं 'आयदान' आलं ते २००३ साली. म्हणजे मध्ये पंधरा वर्षं गेली. असं का झालं असेल?

त्यांची 'कवच' नावाची एक कथा आहे. त्यातली आई आंबे विकते. आंबे घ्यायच्या निमित्तानं काही टवाळखोर माणसं तिच्याशी वाह्यात बोलतात. तिच्या शाळकरी मुलाला याची फार लाज वाटते. आईनं बाजारात जाऊच नये, असं त्याला वाटत राहतं. शेवटी त्याला दिसतं, की आई काही बावळट नाही. तिची फटकळ जीभ हेच तिचं कवच आहे! वाटेला जाणाऱ्याला ती बरोबर उत्तर देते.

ही आई कोण? लेखिकेची? शेजारची? बाजारात पाहिलेली? कथेत ते सांगावं लागत नाही. कथा ही चिलखतासारखी असते. आतला जीव खरा, पण वर दुसरं नाव, दुसरं गाव. आठवणी लिहिताना ते चिलखत काढून ठेवावं लागतं. हे माझ्या बाबतीत घडलं, या गावात घडलं, मी तेव्हा अशी वागले, असं सांगावं लागतं. त्यात आपल्या चुका आल्या, घरातली भांडणं आली, ज्यांच्यावर आपण माया करतो त्यांच्याबद्दलचं खरंही आलं. त्याला वेगळं धाडस लागतं.

दूर कॅनडात

हे फक्त कोकणातच घडलं असं समजू नका. कॅनडात क्री नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांच्यातले एक लेखक टॉमसन हायवे. जन्म १९५१, मॅनिटोबा प्रांताच्या अगदी उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. घरची भाषा क्री, वडील शिकारी. सहा वर्षांचे असताना त्यांना घरापासून दूर निवासी शाळेत पाठवलं. अशा शाळांत आदिवासी मुलांची भाषा आणि चालीरीती पुसून टाकायचा खटाटोप चाले. अनेक मुलांचे तिथं फार हाल झाले. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली.

हायवे यांनी १९९८ साली एक कादंबरी लिहिली. दोन क्री भाऊ आणि त्यांची शाळा, अशी ती कथा. वाचताना जीव गुदमरतो. पुढे २०२१ साली त्यांनी लहानपणच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, तर ते चक्क हसरं! बर्फ, कुत्र्यांच्या गाड्या, आई-वडिलांची माया, गमतीजमती. त्याला मोठं बक्षीसही मिळालं. एकाच माणसाचं एकच लहानपण. कादंबरीत त्याचं दुःख जास्त उतरलं, आठवणींत आनंद. मग खरं कुठलं? दोन्ही! दुसऱ्या कुणी त्यांच्यावर लिहिलं असतं, तर बहुधा एकच बाजू आली असती. स्वतः लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतात.

'आयदान'मध्येही नुसतं रडणं नाही हं! डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांपासून ते पुस्तक सुरू होतं. त्या दमतात, कुरकुरतात आणि एकमेकींची थट्टा करून खो खो हसतातही.

महाडची पानं

आता पुन्हा आपल्या रायगडात येऊ. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हे तुम्ही इतिहासात शिकलात. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा या नावानं ओळखला जाई. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तिथं बाबासाहेब जमलेल्या बायकांशी खास बोलले. मुलींना शिकवा, नीटनेटकं राहा, जातीची खूण वाटेल असं काही अंगावर बाळगू नका, असं त्यांनी सांगितलं. अनेकींनी ते लगेच मनावर घेतलं.

या बायकांची नावं तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत का? शोधून बघा. उर्मिलाताई आणि मीनाक्षी मून या दोघींनी नेमका हाच शोध घेतला. आंबेडकरांच्या चळवळीत काम केलेल्या बायकांना त्या भेटल्या. म्हातारपणाकडे झुकलेल्या त्या बायकांना त्यांनी बोलतं केलं आणि ऐकलेलं लिहून ठेवलं. 'आम्हीही इतिहास घडवला' हे ते पुस्तक १९८९ साली निघालं. टोपलीवर नाव नसतं, तसंच इतिहासातही कितीतरी जणींचं नाव नसतं. या दोघींनी ती नावं लिहिली.

लोक काय म्हणाले?

असं पुस्तक आलं की लोक काय म्हणतात, हे बघण्यासारखं असतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, तेव्हा पुष्कळांनी ते डोक्यावर घेतलं. काहींनी मात्र नाक मुरडलं: जुनी घाण आता कशाला उकरायची? गंमत म्हणजे असं विचारणाऱ्यांत त्यांच्या समाजातलेही होते. आता कुठे चार पैसे मिळवतोय, चांगले कपडे घालतोय, आणि हा सगळं चव्हाट्यावर मांडतोय! त्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. जखम दाखवणं सोपं नसतं.

पुढे लक्ष्मण मानेंचं 'उपरा' आलं, बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' आलं. 'आयदान' येईतो वाचकांना अशा पुस्तकांची ओळख झाली होती. 'आयदान'चं खूप कौतुक झालं. माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि २००८ पासून ते परदेशातल्या विद्यापीठांतही वाचलं जाऊ लागलं. सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणलं. तीन अभिनेत्री मिळून एकाच बाईचं आयुष्य सांगतात, असा तो प्रयोग.

पण एक गोष्ट वेगळी घडली. २००४ साली पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेनं उत्तम आत्मचरित्र म्हणून 'आयदान'ला लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर केला. लक्ष्मीबाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. मराठीतलं अतिशय गाजलेलं आत्मचरित्र. केवढा मान! पण उर्मिलाताईंनी तो घेतला नाही. समारंभाची सुरुवात सरस्वतीपूजनानं होणार होती. त्यांनी परिषदेला पत्र लिहून विचारलं, की मराठी साहित्य सगळ्यांचं आहे, तर त्याची प्रतीकं एकाच धर्मातली का असावीत?

तुम्हाला काय वाटतं? तुमच्यापैकी काहींना त्यांचं म्हणणं पटेल. काही म्हणतील, सरस्वती तर विद्येची देवता, तिला नमस्कार केला तर काय बिघडलं? घरी जेवताना यावर जरूर बोला. पण एक लक्षात घ्या. टोपली घरात घ्यायची आणि विणणारीला पायरीवर ठेवायचं, हे या लेखिकेनं लहानपणी पाहिलं होतं. माझं पुस्तक घेताय, तर माझं म्हणणंही आत घ्या, एवढंच जणू ती सांगत होती.

आई-बाबांसाठी दोन शब्द

'आयदान' हे मोठ्यांचं पुस्तक आहे. त्यात मोठ्यांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. आधी आपण वाचावं आणि बालपणाची पानं मुलांना वाचून दाखवावीत, हे उत्तम. वाचताना मूल हमखास विचारेल, "आता असं असतं का?" तेव्हा "छे, ते जुन्या काळी!" असं म्हणून विषय संपवू नका. कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला असेल, एखाद्या मित्राचं आडनाव ऐकून आपला सूर बदलत असेल, तर मुलांनी ते आधीच पाहिलेलं असतं. त्यांना फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं.

करून बघा!

घरातली किंवा शेजारची हातानं केलेली एक वस्तू निवडा. सूप, गोधडी, मासळीचं जाळं, काहीही चालेल. ती कुणी केली, ते शोधून काढा. करणारं माणूस भेटलं तर त्याच्याजवळ बसा. काम कसं करतात, हाताला काय लागतं, किती वेळ जातो, लहानपणी शाळेत गेला होतात का, असं विचारा आणि नीट ऐका.

मग वहीत दोन पानं लिहा. पहिल्या पानावर जे ऐकलं-पाहिलं ते जसंच्या तसं. दुसऱ्या पानावर त्याचीच एक गोष्ट, नाव बदलून, गाव बदलून. कुठल्या पानावर काय लिहिता आलं आणि काय राहून गेलं, ते ताडून बघा.

आणि हो, लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवा बरं! त्याला ते पटलं, तरच इतरांना दाखवायचं.